उलटा धरलेला कॅमेरा

(पाचोरा, १९८७ चा उन्हाळा. स्टेशन रस्त्यावर अभिमनचा फोटो स्टुडिओ. त्याचे मेहुणे जीवराम गावाकडून आत्ताच आले आहेत; कॅमेरा त्यांच्या हातात आहे. सुट्टीला मामाकडे राहायला आलेली जीवरामची दहा वर्षांची मुलगी कुंदा भिंतीला टेकून उभी आहे.)

जीवराम : नाही देणार. आधी मले सांग, कॅमेरा उलटा धरायले हिले शिकवलं कोणी?

अभिमन : मीच. पण दाजी, भर बाजारात पोरीच्या हातातून हिसकावून घ्यायचं काय कारण होतं? त्या भाजीवाल्या बाईनं स्वतः फोटोसाठी टोपली नीट मांडून दिली होती तिला. मी मागे उभा होतो.

जीवराम : बठ्ठा बाजार पाहत होता. डाव्या हातानं कारभार, आन उजवा नुसता लोंबकळत. दोन वर्षं झाली, मी त्या उजव्या हाताच्या मागं लागलोय. रोज तेल, रोज चोळणं. जळगावच्या डॉक्टरनं सांगितलं, हाताले काम द्या, नाही तर तो तसाच राहील. आन तू काय केलं? सुट्टीत इकडं पाठवली, तर डाव्याची सवय लावून ठेवली.

अभिमन : लोंबकळत नव्हता. उजव्या मनगटाचा टेकू देऊन धरते ती. नीट पाहिलं असतं तर दिसलं असतं.

जीवराम : मले शिकवू नको.

अभिमन : मग ऐका तरी. कॅमेऱ्याचं बटण उजवीकडे असतं. तिची ती बोटं मिटत नाहीत, दाबणार कशी? पहिल्यांदा मीच दाबून द्यायचो. ती म्हणायची 'आता', की मी दाबायचो. पण तेवढ्यात उशीर व्हायचा. बकरी निघून जायची, माणूस तोंड फिरवायचा. एक दिवस ती रुसून बसली. म्हणाली, हे सगळे फोटो तुझेच आहेत मामा, माझा एकही नाही. मग मी कॅमेरा उलटा करून तिच्या हातात दिला. बटण डाव्या अंगठ्याखाली आलं. एवढंच केलं मी. फोटो काही उलटा येत नाही, कागद फिरवला की झालं.

जीवराम : हात सुधरला की दाबील उजव्यानं. एवढी कसली घाई?

अभिमन : आणि नाही सुधारला तर?

जीवराम : तोंड सांभाळ, अभिमन.

अभिमन : तुम्हीच सांभाळा. दुसरा हात बांधून ठेवा, असं सांगितलं होतं का त्या डॉक्टरनं? ही आली त्या दिवशी हिच्या मामीनं, सुनंदानं, आंघोळ घालताना विचारलं, डाव्या मनगटावर काळंनिळं कशानं झालं. पोरीनं हात पाठीमागे लपवला. दुपारी ताट वाढलं, तर ही जेवेना. म्हणाली, मामी, उपरणं दे ना, हात बांध, मग मी जेवते. बायको माझी ताटावरून उठून गेली दाजी.

जीवराम : कुंदा, तू हाई इथं येऊन सांगितलं?

कुंदा : मी काही सांगितलं नाही. मी फक्त उपरणं मागितलं.

जीवराम : मले काय हौस शे का बांधायची? तुले माहीत नाही अभिमन, पिंप्राळ्याच्या लग्नात काय झालं ते. पंगत बसली होती. हिनं डाव्या हातानं घास उचलला. शेजारी नवरदेवाचा आजा होता. तो आपलं ताट घेऊन उठला आन पलीकडं जाऊन बसला. म्हणे, या पोरीले वळण कोणी लावलंच नाही. वाढणारे थांबले. बठ्ठी पंगत आमच्याकडं पाहत होती. मी हिले तशीच उचलली आन खरकट्या हातानं चालत बसस्टँड गाठलं. हिची माय मागून रडत येत होती. त्या दिवशी मी ठरवलं, आता हिच्या शेजारून कोणी उठणार नाही.

अभिमन : मग त्या म्हाताऱ्याला चार शब्द बोलायचे होते.

जीवराम : सोयरे होते ते. नवरदेवाकडचे.

अभिमन : आणि ही कोण आहे?

कुंदा : मामा, तू थांब. मला बोलायचंय.

अभिमन : बोल.

कुंदा : बाबा, ते आजोबा उठले तेव्हा तुम्ही त्यांना काहीच म्हणाला नाहीत. तुम्ही माझा हात धरला. बसमध्येपण सोडला नाही. आणि घरी आल्यावर माझाच बांधला.

जीवराम : तुझ्याच भल्यासाठी...

कुंदा : मला भूक लागते. उजव्या हातानं वरण तोंडापर्यंत येत नाही, सांडतं. आई पाहते आणि आत निघून जाते. मी अर्धी भाकर खाऊन उठते आणि तुम्ही म्हणता, पोरगी हट्टी शे.

जीवराम : तू कधी बोलली नाही.

कुंदा : तुम्ही चिडता.

जीवराम : आताही चिडलोय मी.

कुंदा : मीपण.

अभिमन : दाजी, बसा जरा. पाणी घ्या.

जीवराम : नको मले पाणी. हाई बोलायले तू पढवलं का हिले?

अभिमन : मी कॅमेरा शिकवला. हे तिचं तिनं शिकलेलं आहे.

कुंदा : तेल लावायला मी नाही म्हणत नाही. चोळताना दुखतं, तरी चालेल. पण जेवताना नाही बांधायचा. आणि फोटो काढताना मध्ये यायचं नाही.

जीवराम : आन उद्या पुन्हा पंगतीतून कोणी उठलं तर?

कुंदा : उठू दे. तुम्ही उठू नका.

अभिमन : दाजी? काय करता? कॅमेरा आपटू नका, पोटापाण्याचा आहे तो माझ्या.

जीवराम : आपटत नाही. मघाशी हिसकावला तवा पट्ट्याची कडी उघडली. ती दाबून बसवतो. ... घे. धर. कसा धरते ते पाहू दे.

कुंदा : आधी रीळ पुढे घ्यावं लागतं.

जीवराम : आण, मी फिरवून देतो.

कुंदा : नको. मनगटानं पोटाशी दाबून धरते आणि डाव्यानं फिरवते. झालं. बाबा, त्या स्टुलावर बसा.

जीवराम : माझा कशाले? रस्त्यावर तर एवढी माणसं.

कुंदा : त्यांचा काढत होते, तुम्ही काढू दिला नाही. बसा. मामा, तू पडदा बाजूला कर आणि मग लांब हो. हात लावू नको.

अभिमन : झालो लांब.

जीवराम : कुंदा, मले आता हसू येणार नाही.

कुंदा : नका हसू. मी तरी कुठे हसतेय.