आधी उत्तर, मग गणित

...आणि वर मला म्हणतंय, 'शाब्बास!' अहो, शाब्बास कसलं? मी फक्त माझं नाव लिहिलंय! चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी, चौतीस वर्षांत तोंडातून मोजून सहा वेळा शाब्बास निघालं असेल, त्यातलं एक शिपायाला, घंटा वेळेवर दिल्याबद्दल... आणि हे सॉफ्टवेअर, इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर, नाव लिहिलं की शाब्बास, पत्ता लिहिला की 'वा, छान चाललंय!', जन्मतारीख टाकली तर पडद्यावर रंगीबेरंगी कागदाचे तुकडे उडवले हो त्यानं! जन्माला येण्यात माझं काय कर्तृत्व? पण बसलो. एकटा बसलो. तुम्हाला सांगतो, कोणाला एका शब्दानं विचारलं नाही!

का म्हणजे? सांगतो ना. माझा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, टॅक्सचाच सल्लागार. मी रिटायर झाल्यापासून, अकरा वर्षं, माझं रिटर्न तोच भरतो. काय असतं त्यात? पेन्शन, घरच्या शिकवण्या आणि बँकेचं व्याज. फुकट भरतो, आणि फुकट असल्यामुळे त्याची वसुली दर जेवणाला होते. गेल्या महिन्यात सगळे जेवायला बसलेले, मुलगा, सून, व्याही, विहीणबाई, आणि हा ताटातून मान वर न करता म्हणतो, असं नाकातून, "भाऊजींचं गणित चांगलंच आहे हो, पण ते शाळेतलं. हे खरं गणित. याचं उत्तर पुस्तकाच्या मागे नसतं." आणि व्याही हसले! तो हसला असता तर मी सोडून दिलं असतं, पण व्याही हसले! मी म्हटलं, यंदा माझं मीच भरणार. तर म्हणतो, "भरा की. शेवटच्या दिवशी दुपारी फोन कराल. मी रिकामा ठेवतो स्वतःला."

लागलं मला ते. खोटं कशाला बोलू? उभ्या आयुष्यात मला एकच गोष्ट येते. स्वयंपाक येत नाही, गाडी येत नाही, चारचौघांत बोलता येत नाही... हसू नका, हे चारचौघांत नाही, हे तुमच्याशी बोलतोय... एक गणित येतं. तेही खरं नाही म्हटल्यावर माणसानं बसायचं कुठे?

तर बसलो कॉम्प्युटरसमोर. आता माझा एक नियम आहे, पोरांना चौतीस वर्षं तोच शिकवला, की पेपरात एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सॉफ्टवेअर म्हणतं, लागू नसल्यास पुढे जा. मी पुढे जाणारा माणूस आहे का? मला विचारतंय, तुमच्या मालकीचं जहाज आहे का? नाही, लिहिलं. शर्यतीचे घोडे? नाही. खाण, तेलविहीर, बेट? हिला हाक मारून विचारलं, आपलं बेट नाही ना कुठे, ती म्हणाली, "असतं तर मी इथे कशाला थांबले असते?" नाही, लिहिलं. मग आलं, शेती आहे का? आणि इथे माझा हात थबकला. कारण गॅलरीत चार कुंड्या आहेत. कोथिंबीर आहे. शेजारच्या बाईंना मूठभर दिली होती, त्यांनी बदल्यात अर्धा डझन लिंबं दिली. आता याला उत्पन्न म्हणायचं की नाही? प्रामाणिक माणसानं काय करावं? 'हो' दाबलं.

चौदा नवी पानं उघडली हो! चौदा! लागवडीखालील क्षेत्र किती? पट्टी घेतली, गॅलरीत गेलो, कुंडीचा व्यास मोजला, त्रिज्येचा वर्ग गुणिले बावीस सप्तमांश गुणिले चार. ही म्हणते, "अहो, त्या कोथिंबिरीचं माप काय घेताय, तिला काय झबलं शिवायचंय?" मी म्हटलं, गप्प बस, हे सरकारी काम आहे. पुढे विचारतंय, पाणी कुठून येतं? पर्याय तीन. नदी, कालवा, विहीर. आमचं पाणी मगातून येतं! मगाचा पर्यायच नाही! आणि मगाशिवाय पुढे जाता येईना, मागेही जाता येईना, आणि कॅलेंडरात बघतो तर शेवटची तारीख आजचीच, संध्याकाळी पाचला खिडकी बंद!

मदत केंद्राला फोन केला. नाही नाही, विचारायला नाही! तक्रार करायला! चाळीस मिनिटं पेटी ऐकवली त्यांनी मला, एकच ओळ, पुन्हा पुन्हा, आणि मग एक मुलगी आली, इतका गोड आवाज की भांडताही येईना. "सर, शेती 'हो' केलीत ना, ती आता पुसता येत नाही. आम्ही जुना फॉर्म रद्द करून नवा देऊ. दहा दिवस लागतील." मी म्हटलं, बाई, दहा तास नाहीत माझ्याकडे! तर म्हणते, "मग मुदतवाढ घ्या ना, सर!"

मुदतवाढ! मी! एका दिवसानं उशिरा आलेली वही मी उघडूनसुद्धा पाहिली नाही कधी, पोरांच्या आया रडत यायच्या, वडील हात जोडायचे, मी म्हणायचो, तारीख म्हणजे तारीख... आणि मी मुदतवाढ मागू? फोन ठेवून नुसता बसून राहिलो. लाज वाटली हो. त्या सगळ्या वह्या आठवल्या, काहींची तर कव्हरंसुद्धा आठवली. तेवढ्यात फोन वाजला. मेहुणा! "भाऊजी, तीन वाजले. रिकामा आहे मी." मी म्हटलं, असशीलच, हल्ली कामं कमी झाली असतील. आणि ठेवला फोन.

ही येऊन शेजारी बसली. म्हणाली, "घ्या की मुदतवाढ. तुम्हाला होकार कळवायला मी नव्हती घेतली तीन आठवडे? काही बिघडलं का?" मी म्हटलं, तीन आठवडे तू विचार करत होतीस? मला तर सांगितलं होतं की पत्र पोस्टात अडकलंय! ती उठून चहा टाकायला गेली.

उघडला मुदतवाढीचा फॉर्म. आणि आता नीट ऐका, इथेच खरी गंमत आहे. पहिलाच प्रश्न काय? 'तुमचा एकूण कर अंदाजे किती होईल ते लिहा व भरा.' म्हणजे गणित सोडवायला वेळ हवाय, तर आधी उत्तर सांगा! आधी उत्तर, मग गणित! अहो, नुसतं उत्तर लिहिणाऱ्या पोरांना मी भोपळे दिलेत! पायरी दाखव, पायरी, असं ओरडून घसा बसलाय माझा! मला म्हणतंय अंदाज कर! मेहुण्यानं काय केलं असतं? मागच्या वर्षीचा आकडा घेतला असता, थोडा वर ढकलला असता, मोकळा झाला असता.

मी सॉफ्टवेअर बाजूला सारलं. कोरे कागद घेतले. पेन्सिल तासली. पेन्शन, शिकवण्या, व्याज, वजावटी, सगळं मांडलं, समास सोडून, बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचं चिन्ह. चहा आला तो निवला. पावणेपाचला उत्तर आलं, दोनदा पडताळलं, आकडा टाकला, कर भरला, बटन दाबलं. चार वाजून त्रेपन्न मिनिटं! मुदतवाढ मंजूर! आणि कोणाला एका शब्दानं विचारलं नाही!

दहा दिवसांनी नवा फॉर्म आला. या खेपेला शेतीला 'नाही' म्हटलं, कोथिंबिरीकडे पाठ करून. सगळं भरलं, शेवटचं बटन दाबलं, चक्र फिरलं, फिरलं, आणि आकडा आला. माझाच! तोच! पैशाचा फरक नाही! 'भरायचा बाकी कर, शून्य. शाब्बास!' आणि तुम्हाला सांगतो, त्या शाब्बासला माझे डोळे भरून आले. कमावलेलं होतं ते! हिला बोलावून दाखवलं, मुलाला दाखवलं, व्याह्यांना फोटो पाठवला. मेहुणा काय म्हणाला? "योगायोग!"

आणि काल पत्र आलं. कर खात्याचं. 'आपण मुदतवाढीच्या वेळी कळवलेला अंदाज आणि प्रत्यक्ष कर यांत काहीही फरक आढळत नाही. अंदाज इतका अचूक नसतो. तरी खुलासा करावा.' कळलं का तुम्हाला? माझ्यावर कॉपीचा संशय! उत्तर आधीच फोडलं म्हणतायत! ही घाबरली, मी पत्र फ्रेम करायला निघालो. मेहुणा धावत आला, दोनदा वाचलं, खाली बसला, म्हणाला, "भाऊजी, बावीस वर्षं या धंद्यात आहे, असं पत्र मी पाहिलं नाही." नाकातून नाही, तोंडातून म्हणाला! खुर्ची सरकवून दिली मला!

लगेच बसलो खुलासा लिहायला, सगळ्या पायऱ्यांसकट, चौदा पानं झाली. पण पोचवायचा आठ दिवसांत, आणि तोही त्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून, एका बोटानं... पुन्हा मुदतवाढच! फॉर्म उघडला. पहिलाच प्रश्न, 'खुलासा अंदाजे किती अक्षरांचा होईल?' ही म्हणते, "अहो, हात जोडते, या वेळी अंदाज थोडा तरी चुकवा, नाहीतर दुसरं पत्र येईल." मेहुणाही तेच म्हणतो. खरंय त्यांचं, पटतंय मला.

सकाळपासून चुकवायला बसलोय हो... नाही जमत.