बोटुकली

(काळम्मावाडी धरणाचा फुगवटा, भर दुपार. दोरी ओढून सुरू करायच्या इंजिनाची लहान होडी. मधोमध पाण्याची निळी टाकी, तिच्यात माशांची पिल्लं आणि हवा सोडणारा पंप; पंप शेजारच्या इन्व्हर्टरवर चालणारा. कृष्णात इंजिनापाशी, त्याची बायको संयोगिता टाकीपाशी.)

संयोगिता: ...ते राहू दे. आधी हा आवाज कसला ते सांगा.

कृष्णात: कसला आवाज? इंजिनाचा हाय.

संयोगिता: इंजिनाचा नाही. टूं... टूं... असा. ऐका की जरा.

कृष्णात: इंजिन बंद करून ऐकू काय? दोरी वडून वडून खांदा निखळायची पाळी आल्या माझी.

संयोगिता: इन्व्हर्टर वाजतोय. लाल दिवा लागलाय त्याचा.

कृष्णात: लागू दे की. बॅटरी उतरली की वाजतंयच त्ये. पंप चालू हाय न्हवं? बुडबुडं येत्यात?

संयोगिता: येतायत. पण मघासारखे नाहीत.

कृष्णात: मगाशी टेंपोत बी ह्येच म्हणलीस. काठावर बी ह्येच. तुला संगं आणलं हितंच चुकलं माझं. घरात निवांत मोनाची वेणी घालत बसली असतीस.

संयोगिता: मग टाकी कुणी बघितली असती? तुम्ही इंजिन धरणार का पिल्लं बघणार?

कृष्णात: पिल्लं न्हवं. बोटुकली म्हणायचं. हॅचरीवाल्यानं सांगितलं न्हाय का, बोटाएवढी झाली की बोटुकली. पिल्लं म्हणलं की माणूस मायेत गुततंय म्हणं.

संयोगिता: आणि बोटुकली म्हटलं की गुंतत नाही?

कृष्णात: झालं तुझं सुरू.

संयोगिता: मी काहीच सुरू केलं नाही. तो शब्द तुम्ही काढलात. दवाखान्यातही तुम्हीच म्हणाला होता, ह्येचं बोट बघ गं, माझ्या नखाएवढं हाय.

कृष्णात: संयोगिता, वारं समोरचं हाय. मला जरा पुढं बघू दे.

संयोगिता: बघा. पण हा इन्व्हर्टर आणायला नको म्हणत होते मी.

कृष्णात: मग काय कोपऱ्यात ठिवून त्येला हळदी-कुकू व्हायचं? नवा कोरा इन्व्हर्टर. वरीस झालं, त्येच्यावर तू टॉवेल टाकून ठिवलास. बॅटरीत पाणी घालतो म्हणलं तर हात लावू दिला न्हाईस.

संयोगिता: बाळ घरी आल्यावर लाईट जायला नको म्हणून आणला होता तो.

कृष्णात: व्हय. आणि बाळ आलं न्हाय.

संयोगिता: बुडबुडे बघू दे मला.

कृष्णात: तसं न्हवं गं. म्हणजे, चांगली वस्तू पडून सडायली. मासेपालन गटाचं काम निघालं, म्हणलं कुणाच्या तरी उपेगाला येईल. जीव वाचवायलाच आणल्याला न्हवं का? मग हे बी जीवच की.

संयोगिता: पंप थांबला.

कृष्णात: आँ?

संयोगिता: थांबला... नाही, आला परत. थांबून थांबून चाललाय. कृष्णात, वर येतायत ती. सगळी वर येतायत, तोंडं उघडून.

कृष्णात: थांब, थांब. इंजिन बारीक करतो. सरक जरा. बघू... ह्ये बघ, टर्मिनलला सगळं पांढरं चढलंय. पडून ठिवल्यालं आपल्यालाच भोवलं की न्हाय? तो पाना दे. न्हाय, पलीकडचा.

संयोगिता: टेंपो उसाच्या ट्रॉल्यांत अडकला तेव्हाच मी म्हणाले होते, पिशव्यांत घालू या. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या हॅचरीवाला देत होता.

कृष्णात: टाकी असताना पिशव्या कशाला म्हणलं. बिद्रीच्या फाट्यावर कारखान्याची एवढी रांग लागल्याली आसंल ह्ये कुणाला ठावं? सगळा येळ ह्या बॅटरीनंच वडलंय. झालं बघ. आला न्हवं पंप जोरात?

संयोगिता: आला. आवाज तसाच आहे पण.

कृष्णात: आवाज बंद करून टाकतो. डोस्क्यात जायलाय. हितं बटण आस्तंय बाजूला—

संयोगिता: नको! हात लावू नका!

कृष्णात: आगं, नुसता आवाज बंद हुतोय. पंप न्हाय.

संयोगिता: वाजू दे. वाजतोय तोवर कळतं तरी. बंद झाला की काय कळणार?

कृष्णात: तू उगंच...

संयोगिता: उगंच? त्या दिवशी दवाखान्यात काचेपलीकडचा, बाळाच्या मशीनचा आवाज थांबला, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? आठवतंय?

कृष्णात: कशाला गं आता?

संयोगिता: म्हणालात, वाजायचं थांबलं बघ, उतार पडलाय. घरी तुमच्या आईंना फोन केलात. त्यांनी तिकडं देवापुढं साखर ठेवली. शेजारी वाटली.

कृष्णात: मला काय म्हाईत? रोज त्ये वाजायचं, आणि वाजलं की सिस्टर पळत यायच्या. मग वाजायचं थांबल्यावर माणसानं काय समजायचं?

संयोगिता: तुम्हाला दोष देत नाही मी. मलाही तसंच वाटलं की. हसले मी. दार उघडून डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी हसत होते. म्हणून म्हणते, बंद करू नका.

कृष्णात: बरं. बरं, न्हाय करत. रडू नगंस. मोना फोनवर सारखी बाळाला बोलवा म्हणायची, तवा तूच मला म्हणायचीस, फोन काचेला लावा. त्येवढंच आपल्या हातात हुतं. आता बी जेवढं हातात हाय तेवढं करू. बादली घे, धरणातलं पाणी वर धरून वत टाकीत. हवा मिसळती त्येनं. मी इंजिन वाढवतो.

संयोगिता: ह्यांना सोडायचे ते जाळीचे पिंजरे कुठं आहेत?

कृष्णात: त्या डोंगराच्या सोंडंच्या पल्याड. गटातला आकारामकाका तिथंच बसलाय सकाळधरनं. सगळी जाळी शिवून ठिवल्या बिचाऱ्यानं, डोळं दिसत न्हाईत तरी.

संयोगिता: एवढं लांब?

कृष्णात: तू वत. तिकडं बघू नगंस.

संयोगिता: ओततेय की. पण खच्चून भरलीत हो ही. आणि पाण्याला वास येतोय, सकाळपासून त्याच पाण्यात आहेत... गेला.

कृष्णात: काय गेलं?

संयोगिता: आवाज गेला.

कृष्णात: दिवा?

संयोगिता: तोही गेला. पंप बंद. कृष्णात, काहीच वाजत नाही.

कृष्णात: थांब, मी बटण परत... न्हाय. मेली बॅटरी. वत तू, वत. थांबू नगंस.

संयोगिता: मी थांबलेच नाही! काही आडवी झालीत. पांढरी पोटं दिसतायत. पिंजऱ्यापर्यंत नाही टिकायची ही.

कृष्णात: निम्मी टिकतील.

संयोगिता: निम्मी नाही. बघा तुम्ही इकडं. इंजिन सोडा आणि बघा एकदा.

कृष्णात: बघू... व्हय गं.

संयोगिता: सोडू या ह्यांना. इथंच.

कृष्णात: खुळी का काय तू? खुल्या धरणात? मग ती आपली राहिली का? जो धरंल त्येची.

संयोगिता: राहू देत कुणाचीही.

कृष्णात: गटातल्या बायकांनी, गड्यांनी केवढी आस लावल्या ह्येच्यावर. आकारामकाकाला काय सांगू? मोकळी टाकी घिऊन जाऊ त्येच्याफुडं?

संयोगिता: मेलेली घेऊन जाण्यापेक्षा मोकळी बरी.

कृष्णात: खाली मोठं मासं हाईत. गिळतील.

संयोगिता: सगळी नाही गिळणार. कृष्णात, मला त्या काचेच्या पेटीत हात घालून बाळाला बाहेर काढता आलं नाही. बघत उभी राहिले. ही टाकी तरी आपली आहे. हिला काच नाही.

कृष्णात: आगं, आपली राहणार न्हाईत गं ती.

संयोगिता: आपली नसली तरी कुठंतरी असतील की.

कृष्णात: बादली आण हिकडं. एकदम उपडी करू नगंस, धक्का बसतोय. बादली पाण्यात बुडवायची आणि वाकडी करायची. त्यांची ती जात्यात.

संयोगिता: असं?

कृष्णात: आसं. हळू... गेली बघ. बघितलीस का कशी सटाकदिशी गेली?

संयोगिता: ही नाही हलत.

कृष्णात: त्येला पाण्यात धर आणि जरा फुडं-मागं कर. तोंडात पाणी गेलं पायजे. जाऊ दे, सोड त्येला. ते न्हाय राहिलं.

संयोगिता: जरा वेळ धरते.

कृष्णात: धर.

संयोगिता: केवढं हलकं आहे. हातात काही आहे असं वाटतच नाही.

कृष्णात: व्हय. ठावं हाय मला.

संयोगिता: तुम्ही एकट्यानं धरलं होतं त्याला. मी काचेपाशीच कोसळले, टाके ओले होते, मग मला उठू दिलं नाही कुणी. कधी सांगितलं नाही तुम्ही.

कृष्णात: काय सांगायचं? हलकंच हुतं. तू म्हणतीस तसंच. हातात काय हाय आसं वाटंना म्हणून सारखं बघत हुतो खाली... दे ती बादली. उन्हानं पाणी तापायच्या आत ऱ्हायल्याली काढू.

संयोगिता: गेलं. हे पण गेलं हो! हललं आणि गेलं.

कृष्णात: गेलं? बघ की! मी मेलं म्हणलो हुतो.

संयोगिता: तळाशी अजून आहेत. टाकी तिरकी करा.

कृष्णात: धर त्या बाजूनं. हां... आता कलती कर... झालं. बस खाली आता. हुडी हलाय लागल्या.

संयोगिता: परत वाजतोय.

कृष्णात: काय?

संयोगिता: इन्व्हर्टर. टूं टूं. लाल दिवा आला बघा.

कृष्णात: पंपाची वायर मी काढली मगाशी. वझं कमी झालं की बॅटरीत जरासा जीव येतोय. शेवटचा. जाईल थोड्या येळानं.

संयोगिता: फोन वाजतोय तुमच्या खिशात. घरचा असेल. माझे हात ओले आहेत, स्पीकरवर लावा.

कृष्णात: हां आई, बोल.

आक्काताई: व्हय रं, पोचलासा का? ही पोरगी काय ऐकंना. आईबर बोलायचंय म्हणती. घे बाई, बोल.

मोना: आई, मासे सोडलेस?

संयोगिता: सोडले गं.

मोना: पिंजऱ्यात?

संयोगिता: नाही. मोठ्या पाण्यात सोडले. तू जेवलीस का? आजीनं वेणी घातली?

मोना: आई.

संयोगिता: काय?

मोना: बाळ तिथं हाय?

संयोगिता: ...कोण गं?

मोना: बाळ. बोलतंय की ते तुझ्या मागं. टूं टूं. पप्पा काचेला फोन लावायचे तवा बोलायचं, तसंच.

कृष्णात: आगं, ही त्या आवाजाला... थांब, बंद करतो मी.

मोना: ए बाळा! मी मोना हाय. तुझी ताई.

कृष्णात: बटण दाबू?

संयोगिता: नको. फोन जवळ धरा त्याच्या. बोलू दे तिला.