न प्यायलेला चहा

जीपची वाट बघत मायलेकी बुटीच्या टपरीवर बसल्या होत्या. बुटी चूल फुंकता फुंकता ऐकत होती.

"निघताना भरून ठेवलेला चहा प्यायलीस तू?"

"सवयीनं गं, आमा. थंडी होती."

"जाणाऱ्यानं तो तसाच ठेवायचा असतो, परत येऊन प्यायला! आता कशाची येतेस तू!"

"गाईडचं काम शिकायलाच चाललेय ना काठमांडूला? आपल्याच खोऱ्यातून पाहुण्यांना पायी फिरवायचंय मला."

"तुझा काकाही असंच म्हणाला होता. आला का परत?"

"मग काय, पुन्हा घरापर्यंत चढू? जीप आली बघ!"

बुटीनं लोण्याचा चहा ओतून पेला मुलीपुढे ठेवला.

"पिऊ नकोस. नीघ आता."

जीप गेली. खेचरं बांधून आलेल्या खेचरवाल्यानं आयत्या पेल्याकडे हात नेला.

"खबरदार हात लावशील तर!" बुटी ओरडली. "मालकीण यायचीय त्याची."