पाण्यात पाय सोडून बसणारं ऑर्किड

आदरणीय अध्यक्ष डॉक्टर ओगाता, होनोलुलूहून खास या कार्यक्रमासाठी आलेल्या परीक्षक मिसेस अपो, व्यासपीठावरची सगळी मानाची माणसं, आणि समोर बसलेली कौमाना ऑर्किड मंडळाची माझी सगळी माणसं, अलोहा.

भाषणाची मला सवय नाही. शाळा सहावीत सुटली आणि उसाच्या मळ्यात खुरपं हातात आलं. लिहून आणलेलं वाचत बसले तर उद्याचं विमान चुकेल, म्हणून सुचेल तसं बोलते. तुम्ही गळ्यात इतके हार घातलेत की हनुवटीखालचं जग मला दिसत नाही. पानांचा हार टोचतोय, पण काढणार नाही. प्रेमानं घातलाय.

आधी आनंदाची गोष्ट. मला नात झाली! मिका नाव. पायाची बोटं म्हणाल तर शेंगेतले कोवळे मटार. मिसेस अपोंना फोटो दाखवून झालाय, दोनदा. मुलगा फोनवर म्हणाला, "मम्मी, आम्ही दोघंही कामावर. तू नाही आलीस तर हिला कोण बघणार?" मी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत बॅग काढली. आपलं निम्मं हिलो गाव लास वेगासला जाऊन राहिलंय, मीही चालले. तिथं पाऊसच नाही हो. मागं गेले तेव्हा पाहिलं, कुणाच्याच दाराशी ओली छत्री नाही. पण मिका आहे ना तिथं!

तर आभाराचं बोलायचं होतं. बोलणारच आहे. पण मंडळी, मघापासून माझं लक्ष त्या टेबलावर आहे.

आज सकाळी मंडळाची गाडी आली आणि माझं गुलाबी झाड घेऊन गेली. म्हटलं, मांडायला नेताहेत, छान दिसेल. आता बघते तर काय? निळी चकचकीत कुंडी, आणि आत सालीचे हे एवढाले कोरडे तुकडे! वर डॉक्टर म्हणाले, "आंटीच्या झाडाला आम्ही नवं घर दिलं, यापुढं ते मंडळाच्या काचघरात माझ्या देखरेखीखाली राहील." तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या, हात आपोआप वर गेले. पण नजर त्या कुंडीवरून हलेना.

अहो, किती वर्षं सांगतेय मी?

माझ्या नवऱ्याला, सेइहोला, हे झाड मळ्याच्या साहेबाच्या काचघरामागं उकिरड्यावर सापडलं. मोजकी पानं, तीही मरगळलेली. त्यानं ते धुण्याच्या टबात ठेवलं, गळक्या नळाखाली. मी भांडले, "कपडे कुठं धुऊ?" तो म्हणाला, "चार दिवस थांब गं." ते चार दिवस कधी संपलेच नाहीत. झाडाला टब आवडला आणि मला दुसरा टब घ्यावा लागला. एक फूल गळतं, लगेच त्याच दांड्यावर दुसरं उमलतं. गळतानाही सुकून नाही, अख्खं गळतं, बाळाच्या चपलेएवढं, आणि पाण्यावर तरंगत राहतं. सेइहो गेल्यापासून रोज नाही, पण जेव्हा गळेल तेव्हा ते फूल मी त्याच्या फोटोपुढं ठेवते. उद्या फोटो बरोबर नेतेय. झाड नेता येत नाही. मागं मुलाकडं गेले तेव्हा त्याचा एक तुकडा नेला होता. कुंडीतला भराव चांगला होता, शेवाळ घातलं, कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवली. पण तिथल्या नळाला पांढरा क्षार धरतो हो! पानं टोकाकडून जळत आली ती आलीच. आता जगात माझ्या माहितीचं हे एवढंच उरलंय.

बाकीचे तुकडे कुठं गेले, विचारा डॉक्टरांना. तीन फुटव्यांचा चांगला जुडगा दिला होता. म्हणाले, "आंटी, मुळांना श्वास घ्यायला हवा." सालीत लावलं, रविवारच्या रविवारी पाणी. गेलं. पुन्हा मागितलं, पुन्हा दिलं. या वेळी मातीची कुंडी, तीही पाणी पिणारी. तेही गेलं. आणि लैलानी, तू हसू नकोस पोरी. तू दुकानातून पिशवी आणलीस, "आंटी, यावर ऑर्किड लिहिलंय!" पिशवीवर 'माणसांचं जेवण' लिहिलेलं असलं तर तू मिकाला स्पॅमचे मुसुबी, ते डब्यातलं मांस लावलेले भाताचे गोळे, भरवशील का? झाडावर चढून राहणारं ऑर्किड वेगळं, त्याला वाळायला आवडतं. हे ओढ्याकाठचं आहे. हे पाण्यात पाय सोडून बसतं!

काय लागतं त्याला? लाव्हाची बारीक खडी, मूठभर शेवाळ, नेच्याच्या खोडाचा थोडा चुरा. वर्षातून एकदा भराव काढून नाकाशी धरायचा. रानासारखा वास आला तर ठीक. लोणच्याच्या शिळ्या पाण्यासारखा आला तर सगळा फेकायचा. नवा फुटवा जुन्याच्या वर चढतो आणि त्याची मुळं हवेत लोंबतात, म्हणून दर वेळी झाड जरा खोल बसवायचं. एवढंच. हे मी सभेत सांगितलं, सहलीत सांगितलं, डॉक्टरांच्या दवाखान्यात दात काढायच्या खुर्चीत तोंडात कापूस असताना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आंटी, तोंड मिटू नका."

आता मागच्या भिंतीशी उभा आहे त्याच्याबद्दल. अँथनी कबराल, लपू नकोस, तू मावत नाहीस खांबामागं. तीस वर्षं आगीच्या बंबावर काम केलेला माणूस. हातात नळी आली की त्याला कुठंतरी आग दिसते. डॉक्टरांची कॅटलिया, ते वाळायला आवडणारं ऑर्किड, यानं सांभाळली, तर तिचा उकडून गाळ झालेला तारोचा कंद झाला. तेव्हापासून त्यानं झारी उचलली की सगळं मंडळ एका सुरात ओरडतं, "अँथनी, पुरे!" आणि त्याला खुर्च्या लावायला धाडतं.

मी वेगासला गेले होते तेव्हा माझं झाड कोणाकडं होतं, ठाऊक आहे? कोणी विचारलंच नाही. याच्याकडं होतं. परत आले तर नवे फुटवे, दांड्यावर कळ्या. आणि हा चोरासारखा हळूच म्हणतो, "आंटी, कोणाला सांगू नका हं. मी रोज पाणी घातलं."

सांगितलं मी. आता काय करशील?

डॉक्टर, हा माइक जरा धरा. दोन्ही हात लागतात. हं... आलं बाहेर. मुळं अजून ओली आहेत, देवाची दया. काय म्हणालात, टेबलक्लॉथ? झटकता येतो. लैलानी, पंच सरबताचं भांडं रिकामं झालं ना? विसळ आणि आण इकडं, झाड यात बसवते. अँथनी, टेबलावरची झारी घे, बाहेर पागोळी लागलीय, तिच्याखाली धर. नळाचं नको, पावसाचंच. हो डॉक्टर, भांडं काचेचं आहे, या देवळाच्या सभागृहाचं आहे, त्याला भोकही नाही. रात्रीपुरतंच आहे हो. टब आणि खडी आजच याच्या ट्रकमध्ये चढवलीय.

तुमचा राग नाही, डॉक्टर. माझी कवळी तुम्हीच बसवलीत, आज तिच्याच जोरावर एवढं बोलले. काचघरात तुमची कॅटलिया खुशाल राहू द्या, तिला तुमचा रविवार मानवतो. हे झाड मात्र अँथनीकडं जाईल. आणि अँथनी, फूल गळलं की फोन कर. फूल नको पाठवूस, ते टिकणार नाही. नुसतं सांग, "आंटी, आज एक गळलं." मी तिकडं फोटोला सांगेन.

मंडळी, तुम्ही मला पावसात घरी सोडलंत, सेइहो गेला तेव्हा महिनाभर जेवण आणून दिलंत, त्याचे आभार कसे मानायचे ते मला शिकवलेलं नाही. मानते आपली. तोंड फाटकं आहे, कोणाला लागलं असेल तर जाणाऱ्या बाईचं म्हणून सोडून द्या. व्यासपीठावर कचरा झाला त्याची माफी मागते, पण साल तुमची होती.

आलास? आण इकडं. झारी अर्धीच भरलीस? आणि हात का थांबला? कोणी ओरडणार नाही आज. ओत, अँथनी.