बाबा गिरीजपर्यंत मागे जायचे

हे बाहेर सांगायचं नाही असं आईने बजावलंय, पण तुम्ही कुठे बोलणार नाही म्हणून सांगते.

रविवारी बाबांनी त्यांच्या कॉलेजच्या काळातल्या एका विनोदी सिनेमाची सीडी भाड्याने आणली. त्यात हिरो रोज सायकलवरून हिरोइनच्या मागे जातो, घंटी वाजवतो, ती चिडते आणि त्याचे मित्र हसतात. बाबाही पोट धरून हसत होते. मला आणि ताईला काही हसू येईना.

"अगं, हसा की! मीही तुमच्या आईच्या मागे असाच तिच्या गावापर्यंत, पार गिरीजपर्यंत जायचो." हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय.

ताईने विचारलं, "आई, तुला भीती नाही वाटायची?"

आई शेंगा सोलत होती. "वाटायची ना. दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेवटी तुमच्या मामाला न्यायला यायला सांगितलं."

बाबांनी सिनेमा थांबवला. "म्हणजे तो माझ्यामुळे यायचा?"

"मग काय, केळी मोजायला?"

बाबांचा चेहरा इतका उतरला की मला त्यांचीच दया आली. त्यांनी विचारलं, "मग लग्नाला हो का म्हणालीस?"

"मागे फिरायचं सोडून एक दिवस समोर आलात. घाबरत घाबरत नाव विचारलंत. तेव्हा बरे वाटलात."

बाबा हसले नाहीत. त्यांनी टीव्ही बंद केला आणि ताईला हळूच विचारलं, "तुझ्या मागे येतं का गं असं कुणी?"

ताईने आधी माझ्याकडे पाहिलं, आणि मग… थांबा हं, आई हाक मारतेय. आले गं आई, आले!