नाट्यगृहाचं नळकांडं

साहेब, तुम्ही डोळ्यांवर कातडं ओढून शाळेच्या बसेस पास करता. तपासणीच्या रांगेत एका बसचा ड्रायव्हर आणि मुलांना सांभाळणारी मावशी बोलत होते, ते ऐका.

“मावशी, आपली बस पास झाली. ते आग विझवायचं नळकांडं मागच्या बसला दे.”

“अरे, यावर तर सरकारी नाट्यगृहाचं नाव आहे!”

“तिथली तपासणी काल झाली. तपासणारे साहेबही हेच.”

“आज तिथं आग लागली म्हणजे?”

“प्रेक्षक असतात कुठं तिथं?”

“आपल्या बसमध्ये माझी नात असते, मेल्या! साहेबांनी नाव वाचलं नाही?”

“वाचलं की. म्हणाले, पुढच्या वेळी खोडून आणा.”

“सरक बाजूला. अहो साहेब, उद्या बस पेटली तर नातीला मी कशानं विझवू? बोला!”