वडील हयात असताना केलेले मुंडण

मी, ललित अभिमन बोरसे, वय ३४ वर्षे, धंदा नाटकात काम, राहणार बाजारपेठेमागे, पारोळा, जि. जळगाव, आज दि. १४/१०/२०२५ रोजी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर माझे वडील अभिमन नथू बोरसे, वय ६९, हे, मी कामासाठी बाहेर असल्याने, एकटेच असतात. आई मी दोन वर्षांचा असताना वारली. बहीण ज्योती धुळ्याला सासरी आहे. वडील दि. ७ पासून घरी नाहीत, तशी खबर तिने दिलेली आहे. मी आल्याबरोबर माझे डोके पाहून हवालदार साहेबांनी विचारले, "वडील कधी वारले?" वडील वारलेले नाहीत. डोके मी नाटकासाठी भादरले आहे.

दि. ३ सप्टेंबरपासून मी जर्मनीत लाइपझिग येथे तालमीला होतो. आम्ही सहा देशांचे नट होतो. सकाळी दहा ते सहा तालीम, मोबाईल दाराशी टोपलीत. नाटक बाप गेलेल्या मुलाचे होते. मुख्य काम कोणाला, ते ठरायचे होते. दि. २० रोजी दिग्दर्शक बाईंनी प्रत्येकाला स्वतःचे खरे दुःख सांगायला लावले. एकाचे घर लढाईत गेले होते, एकीचे मूल गेले होते. माझ्याकडे सांगण्यासारखे काही निघेना. बापाने मला कशाची कमी पडू दिली नाही, त्याला मी काय करू? मी म्हणालो, माझे वडील गेल्या महिन्यात वारले. जीभ झडली नाही माझी. सगळे रडले. मुख्य काम मला मिळाले.

आमच्याकडे बाप गेल्यावर मुलगा मुंडण करतो, हेही मीच सांगितले. बाईंना ते आवडले. दि. १ ऑक्टोबरला तालमीतच माझे केस काढले. फोटो नाट्यगृहाच्या इंटरनेटवरच्या पानावर आला. खाली लिहिले होते की, नुकतेच वडील गमावलेल्या नटाचा हा विधी.

तो फोटो कोणीतरी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. आमच्या भागात मयताच्या घरी फोन करून खरे की खोटे विचारत नाहीत, दारावर जातात. दि. ५ रोजी वरणगावचे सुकदेवमामा गाडी करून अकरा माणसे घेऊन आले. मयताचे कळवलेसुद्धा नाही म्हणून मामा तणतणतच उतरले. बायांनी गल्लीच्या तोंडापासून रडायला सुरुवात केली. दार वडिलांनी उघडले. हे मला शेजारच्या लताबाईंकडून समजले. वडील म्हणाले, "पोऱ्या नाटकमा शे. कामनाकरता केस काढात त्यानी." केस नाटकाच्या कामासाठी काढले हे कळल्यावर लोक हसले, चहा झाला. नंतर मामांच्या सुनेने फोटोखालचा मजकूर मराठीत वाचून दाखवला. वडिलांनी तो दोनदा वाचायला लावला.

त्या दिवशी सहा वाजता मी टोपलीतून मोबाईल काढला. वडिलांचा व्हॉइस मेसेज होता. "ललित, बठ्ठा लोक दारवर येल शेतस. मी काय सांगू त्यासले?" म्हणजे सगळे लोक दारावर आले आहेत, त्यांना काय सांगू. बाई शेजारी उभ्या होत्या. कोण बोलते, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, वडिलांचा जुना आवाज आहे, जेवायला हाक मारताहेत. त्यांनी तो नाटकात घेतला. मी नाही म्हणालो नाही.

"आबा घर सोडून गेले," असा ज्योतीचा फोन मला दि. ८ रोजी आला. तरी मी थांबलो. दि. ११ रोजी पहिला प्रयोग झाला. वडिलांचा आवाज तीन वेळा वाजला. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या, आणि मेल्या मनाने मी वाकून त्या घेतल्या. मला याची लाज वाटते, हे लिहून घ्यावे.

लताबाईंनी दि. ७ रोजी वडिलांना शेवटचे पाहिले तेव्हा अंगावर पांढरा शर्ट, पायजमा व डोक्यावर टोपी होती. हातात कापडी पिशवी. लताबाईंनी कुठे निघालात विचारले, तर म्हणाले, गल्लीतून चालताना लोक बघतात. मोबाईल त्यांनी घरीच चार्जिंगला लावून ठेवला आहे. काल मी तो पाहिला. मला लावलेले चौदा कॉल आहेत. त्यांच्या मेसेजचे उत्तर मी अजून दिलेले नाही.

हा जबाब हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वडील वारलेले नाहीत, ही ओळ मी त्यांना दोनदा वाचायला लावली. ती मी सांगितल्याप्रमाणेच लिहिली आहे.